वाचनालयाच्या काळ्या काचा

"काजळी संपली!" सहादेवनं डबी उलटी करून दाखवली. "आता काय माझं तोंड खरवडता?"

"तुझ्या तोंडाखाली रंग कुठं आहेत?" विजयमाला म्हणाली. "खाली रंग असल्याशिवाय खरवडून उपयोग नाही!"

राधाकृष्ण हसला नाही. तो आपल्या मेणखडूंच्या पेटीकडे बघत बसला होता. "खडूही संपले. हा पिवळा नखाएवढा राहिलाय. तांबडा सहादेवनं आपल्या एसटीला संपवला."

"एसटी तांबडीच असती! हिरवी काढू का?"

१९७२ सालच्या मे महिन्याची सुट्टी चालू होती. नगरजवळच्या भिंगारमधल्या विजयमालाच्या घराच्या पडवीत या तिघांचा कारखाना थाटला होता. सुट्टी लागण्याआधी चित्रकलेच्या बाईंनी त्यांना एक गंमत शिकवली होती. जाड कागदावर रंगीत मेणखडू दाबून घासायचे. कंदिलाच्या काचेवरची काजळी साबणाच्या पाण्यात कालवायची आणि त्याचा थर वरून द्यायचा. वाळला की बाभळीच्या काट्यानं चित्र खरवडायचं. काट्याच्या मागोमाग काळ्यातून रंग उजळत येतात! कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिका चालत. गल्लीतल्या सगळ्या पत्रिका या तिघांनी गोळा केल्या होत्या. सहादेव हा विजयमालाचा मावसभाऊ, जामखेडजवळच्या खेड्यातून सुट्टीला आलेला. राधाकृष्ण शेजारचा. त्याचे वडील लष्कराच्या कचेरीत कारकून होते आणि मेणखडू त्याचे होते, म्हणून तो स्वतःला कारखान्याचा मालक समजे.

समोरच्या वाचनालयातून ठाकठोक ऐकू येत होती. विजयमालानं मान उंच करून पाहिलं आणि ती ओरडलीच, "अरे, ते बघा! आयतं काळं!"

वाचनालयाच्या उंच खिडक्यांना लहान लहान तावदानं होती. डिसेंबरात लढाई झाली तेव्हा ब्लॅकआउटसाठी, रात्री आतला दिवा बाहेर दिसू नये म्हणून, तिथं काळ्या काचा बसवल्या होत्या. लढाई संपली, तरी काचा तशाच राहिल्या. दिवसासुद्धा आत दिवा लावून पेपर वाचावा लागे. आता रंभाजी मिस्त्री शिडीवर चढून एकेक काच उतरवत होते.

तिघंही रस्ता ओलांडून धावले.

"रंभाजीकाका, आम्हाला देता का काचा?"

"कशाला? हात कापून घ्यायला?"

"चित्रं काढायला!"

"कोपरे उडालेल्या घ्या. चांगल्यांना हात लावू नका. त्या धुऊन परत बसवायच्यात. सोमवारी पाहुणे येणार, चिटणीस भाऊसाहेबांना लख्ख उजेड पाहिजे." मिस्त्रींनी चार-पाच काचा बाजूला काढल्या, त्यांच्या कडा दगडावर घासून बोथट केल्या आणि वर दम दिला, "रक्त निघालं तर माझं नाव सांगायचं नाही!"

काचेची एक बाजू गुळगुळीत होती. दुसरीवर काळा, निस्तेज थर होता. कोरड्या थरावर काटा घसरत होता. राधाकृष्णनं ओलं फडकं फिरवून पाहिलं, तेव्हा थर मऊ पडला आणि काटा झरझर चालू लागला. मागून पतंगाचा रंगीत कागद लावून काच उजेडात धरली, तर कागदावरच्या चित्रांपेक्षा ही चित्रं कितीतरी झळकत होती!

सहादेवनं पुन्हा एसटी काढली. राधाकृष्णनं पट्टी लावून किल्ला काढला. विजयमाला मात्र घाई करत नव्हती. तिच्या काचेवर सगळीकडे सारखं काळं नव्हतं. मधोमध, जरा वरच्या बाजूला, एक गोल भाग सगळ्यात गडद होता. तिथंच रेघ सगळ्यात स्वच्छ उमटणार! तिनं त्या गोलाच्या खालच्या अंगाला टोक टेकवलं आणि सूर्य काढायला घेतला. गोल तिनं पूर्ण खरवडून काढला, मग बाजूंना किरण.

"मालाताई, तुझ्या सूर्याखाली मांजर बसलंय," सहादेव म्हणाला. "पांढरं!"

"डाग आहे तो."

"मांजर हाय! हे बघ कान."

"मग शेपटी कुठंय?"

"दुकानात दुरुस्तीला दिली असंल!"

विजयमालानं त्याच्या डोक्यात टपली मारली आणि काचेला मागून तांबडा कागद चिकटवला. डाग झाकला गेला. सूर्य तांबडालाल होऊन खिडकीत लटकला. आईनंसुद्धा चुलीपुढून उठून येऊन पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाकृष्णनं नवी काच घेतली. ओलं फडकं फिरवण्याआधी तडा गेला आहे का ते पाहायला ती उजेडात धरली आणि तो जागच्या जागी थिजला.

"हिच्यात कुणीतरी आहे!"

"कोण?"

"माणूस! केस पांढरे, तोंड काळं, धोतर काळं!"

"भूत!" सहादेव उडी मारून थेट स्वयंपाकघराच्या दारात पोचला. "म्हनून त्या वाचनालयात कुनी जात न्हाई!"

"तिथं कुणी जात नाही, कारण तिथं भाऊसाहेब बसतात," विजयमाला म्हणाली आणि तिनं काच हातात घेतली. खुर्चीवर एक माणूस बसला होता. गुडघ्यावर हात, पायांत वहाणा. भुतानं वहाणा कशाला घातल्या असत्या? "राधू, हे उलटं आहे. तुझ्या बाबांच्या कॅमेऱ्याच्या रोलमध्ये असतं तसं!"

राधाकृष्णनं कपाळावर हात मारला. "पांढरं ते काळं, काळं ते पांढरं! अगं, या फोटोच्या काचा आहेत! यांच्यावरूनच कागदावर फोटो छापतात!"

"मग त्या वाचनालयाच्या खिडकीत कशा?"

हे कोडं एकच माणूस सोडवू शकत होता. तिघं पुन्हा वाचनालयाच्या आवारात गेले. तिथं तीन दगडांची चूल पेटली होती. वर मोठ्या पातेल्यात सोड्याचं पाणी रटरटत होतं. रंभाजी मिस्त्री चिमट्यानं काच आत सोडत आणि थोड्या वेळानं बाहेर काढून चिंधीनं पुसत. काळा थर सायीसारखा सुटून येई. भिंतीला स्वच्छ काचांची लांब रांग उभी होती.

"काका, या काचा आणल्या कुठून?"

"बाजारात जुना फोटो स्टुडिओ नव्हता का? मालक वारला. पुतण्या दुकान रिकामं करत होता, खोक्याच्या खोक्यांनी काचा बाहेर काढून ठेवल्यावत्या. तेव्हाच ब्लॅकआउटचा हुकूम आला. भाऊसाहेब म्हणाले, रंभाजी, रंग कशाला फासतोस? या आयत्या काळ्या काचा, माप पण बरोबर! मग मी बसवल्या."

"पण त्यांच्यावर काय आहे, ते कुणी पाहिलंच नाही?"

"रोज भोंगा वाजायचा, पोरी. भोंग्यात काचा कोण न्याहाळत बसतंय?" मिस्त्रींनी आणखी एक काच पाण्यात सोडली.

तेवढ्यात वाचनालयाच्या दारातून आवाज आला.

"बाई, हे वाचनालय आहे! इथं वर्तमानपत्रं मिळतात, फोटो मिळत नाहीत!" चिटणीस भाऊसाहेब दारात उभे होते. पायरीखाली डोक्यावर पदर घेतलेली एक खेडवळ बाई होती, हातात पिशवी.

"साहेब, त्या फोटोवाल्याचा पुतन्या म्हनला, काचा वाचनालयात दिल्या."

"काचा आहेत. साध्या काचा! खिडकीच्या! सोमवारी पाहुणे येणार आहेत, मला बोलायला सवड नाही." भाऊसाहेब आत गेलेसुद्धा.

बाई लिंबाच्या सावलीत बसली. विजयमालानं तिला तांब्या भरून पाणी आणून दिलं.

"कुणाचा फोटो हवाय, मावशी?"

त्यांचं नाव लंकाबाई. जामखेडच्या वाटेवरच्या एका वस्तीवरून त्या सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. पाणी पिऊन त्यांनी तोंड पुसलं.

"माज्या बनीचा. लई वर्सं झाली. आमी भिंगारच्या बाजाराला करडू इकाया आनलं हुतं. काळं कुळकुळीत. बनी त्याला सोडंना! वाटंनं रडून रडून डोळं सुजवलं. तवा तिचा बाप म्हनला, चल, करडासंगट तुजा फोटो काढू, मग इकू. माजं लुगडं नेसवलं तिला, मोठं हुतं, खोचून खोचून बसवलं. फोटोवाल्यानं तोंडाला पावडर लावली. म्हनला, पुढच्या बाजाराला या, फोटो देतो."

"मग?"

"पुढच्या बाजाराआदी तिला ताप आला. गेली. बाप म्हनला, फोटो आनायचा न्हाई, मला बघवनार न्हाई. मीबी इशय काडला न्हाई. औंदा तेबी गेलं. आता म्या कुनासाटी थांबू? म्हनून आले."

लंकाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि त्या पुढं म्हणाल्या, "फोटोवाला म्हनत हुता, हस पोरी, हस. मी तिच्या मागं पडद्याआड उभी हुते. ती हसली का न्हाई, ते मला दिसलं न्हाई. तेवडं बघायचंय. रडत रडत उभी ऱ्हायली असंल, तर... तेवडंच बघायचंय."

मिस्त्रींच्या चिमट्यातून काच निसटून पातेल्यात पडल्याचा आवाज झाला. विजयमाला एकदम उठली.

"काका, थांबा! चूल विझवा!"

"मला थांबवणारी तू कोण गं? भाऊसाहेबांनी सांगू दे."

ती भाऊसाहेबांकडे पळाली. त्यांनी पेपरावरून डोळे न काढता ऐकून घेतलं. "मुलांनो, सुट्टी आहे म्हणून इथं धिंगाणा नको. कसली बनी अन् कसलं करडू! चला, पळा!"

बाहेर चिमटा पुन्हा खणखणला. आणखी एक चेहरा पातेल्यात गेला.

"आता?" राधाकृष्ण रडकुंडीला आला. "ते ऐकणारच नाहीत!"

"दुसऱ्याचं न्हाई ऐकनार," सहादेव म्हणाला. "स्वतःचं ऐकतील. भाऊसाहेबांचं लगीन कुठं झालं?"

"इथंच, भिंगारला. पण त्याचं काय?"

सहादेव उत्तर द्यायला थांबला नाही. तो खिडकीखाली गेला आणि घसा फाडून ओरडला, "रंभाजीकाकाऽ! ती फेट्याची काच धुऊ नगा! त्यात भाऊसाहेब नवरदेव हायेत!"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"त्यांच्या मिशा जातील, काका! सोड्यात मिशा ऱ्हात न्हाईत!"

भाऊसाहेब दारात आले, ते पेपर हातात तसाच धरून. "रंभाजी! हात आवर! कोणती काच? माझी काच कोणती?"

"मला काय ठाऊक, साहेब! मला सगळ्या सारख्याच काळ्या!"

"विझव! आधी ती चूल विझव!"

राधाकृष्णनं वाट न बघता बादली ओतली. फसफस करत धूर उठला. भाऊसाहेब एकेक काच उजेडाला धरू लागले आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली आला. "हे तर आमचे जुने हेडमास्तर. ही, ही पलीकडच्या गल्लीतली विमलबाई... आणि हे कोण? अरे, आपल्या तालमीची पोरं!" त्या काचांमध्ये अर्धं भिंगार बसलेलं होतं, उभं राहिलेलं होतं, मांडीवर बाळं घेऊन बसलेलं होतं. उरलेलं अर्धं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या लख्ख काचांमधून कधीच निघून गेलं होतं. त्यांतून पलीकडची वीट न् वीट स्वच्छ दिसत होती.

भाऊसाहेबांचा स्वतःचा फोटो सापडला नाही. ते त्या स्वच्छ काचांच्या रांगेपुढं बराच वेळ उभे राहिले आणि मग पायरीवर बसले. मिस्त्री चिमटा हातात धरून म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही हो." भाऊसाहेब म्हणाले, "मी बघितलंच नाही, रंभाजी. तुला काय सांगणार होतो?"

मुलं उरलेल्या काचांवर तुटून पडली. लंकाबाईंना काचेतलं काही ओळखू येत नव्हतं. त्या नुसत्या मुलांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"लुगडं नेसलेली मुलगी शोधा. हातात करडू," विजयमाला म्हणाली.

"काळं करडू," राधाकृष्णनं बजावलं. "म्हणजे काचेत पांढरं दिसणार!"

सहादेवचा हात थांबला. तो विजयमालाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"मालाताई," तो हळूच म्हणाला. "मांजर."

विजयमाला उठली. रस्ता ओलांडून घरी गेली आणि खिडकीतली काच खाली उतरवली. तांबड्या कागदाच्या कडा ओल्या करून तिनं तो सोलून काढला, काच उजेडासमोर धरली. पडवीत आई काहीतरी विचारत होती. ते तिला ऐकू आलं नाही.

लुगडं होतं. कमरेशी खोचलेले मोठे मोठे पदर होते. दोन्ही हातांनी कवटाळलेलं पांढरं करडू होतं. आणि सगळ्यात गडद गोल भाग होता, तो चेहरा! पावडर लावलेला, म्हणून काचेत सगळ्यात काळा. डोळे होते, कपाळ होतं, कुंकू होतं. नाकाखाली काही नव्हतं. तिथं विजयमालाचा सूर्य होता. इतका निगुतीनं खरवडलेला, की काळ्याचा कणही मागं राहिला नव्हता.

ती काच तिनं स्वतः नेली. दुसऱ्या कुणाला नेऊ दिली नाही.

"मावशी, सापडली," ती म्हणाली. "पण मी तिच्यावर चित्र काढलंय. तोंडावर. मला माहीत नव्हतं."

लंकाबाईंनी काच हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. त्यांना त्यात काळं-पांढरं एवढंच दिसत होतं. "ह्यात बनी हाय?"

"हो."

"मग झालं. छापून देतील ना?"

छापून देण्याचं भाऊसाहेबांनी अंगावर घेतलं. ती काच आणि वाचलेल्या सगळ्या काचा ते स्वतः टांग्यात बसून नगरच्या एका फोटोवाल्याकडे घेऊन गेले. जाताना दर खड्ड्याला टांगेवाल्यावर ओरडत होते.

सोमवारी पाहुणे आले. वाचनालयाच्या अर्ध्या खिडक्यांत काचाच नव्हत्या, त्यामुळे उजेड हवा तेवढा होता. एका भिंतीवर दोरी बांधून वाचलेले फोटो टाचणीनं लावले होते आणि सगळं भिंगार ते बघायला लोटलं होतं. "ही आमची आत्या!" "अगंबाई, दादांना एवढे केस होते!" ज्यांचं कुणी सापडलं नाही, ते दोन-दोनदा दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले.

भाऊसाहेबांनी भाषण केलं. या तीन मुलांनी डोळे उघडे ठेवले आणि आम्ही मोठ्यांनी मिटले होते, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी सहादेवची पाठ थोपटली. रंभाजी मिस्त्रींनी सगळ्यांदेखत स्वतःचे कान पकडले आणि तिघांना एकेक पेढा दिला. विजयमालानं तिचा पेढा हातातच ठेवला.

लंकाबाई शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या. फोटो त्यांच्या मांडीवर होता. कागदावर आता सगळं सरळ झालं होतं: करडू काळं कुळकुळीत, पावडर लावलेलं कपाळ उजळ, आणि नाकाखाली एक काळा गोल, बाजूंना किरण. करडाचा एक कान पुसट आला होता, कारण त्यानं नेमका तेव्हाच तो हलवला होता.

"हात बघ कसं आवळल्यात," लंकाबाई म्हणाल्या. "सुटून जाईल म्हनून." मग त्यांनी मान वर केली. "पोरी, तू खरवडायच्या आदी बघितलं असशील. हसत हुती का गं?"

सहादेवनं मागून विजयमालाच्या कोपराला ढोसलं. हो म्हण, असं त्याला म्हणायचं होतं. एक शब्द होता. कुणाला कधी कळलं नसतं.

"मी बघितलं नाही, मावशी," विजयमाला म्हणाली. "मला फक्त काळं दिसलं. कुणी माणूस आहे, हे मला दिसलंच नाही."

लंकाबाईंनी मान हलवली. फोटो त्यांनी तिच्यापुढं धरला. "मग डोळं बघून सांगा. तुमचं डोळं चांगलं हायेत."

तिघांनी वाकून पाहिलं. "हसतीय," सहादेव म्हणाला. "मला तसं वाटत नाही," राधाकृष्ण म्हणाला आणि लगेच गप्प झाला. विजयमाला बघत राहिली. डोळे जरा बारीक झाले होते. रडून सुजले असले, तरी तसे दिसतील. हसले असले, तरी तसेच दिसतील.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

जामखेडच्या गाडीपर्यंत तिघंही लंकाबाईंना सोडायला गेले. गाडीत चढण्याआधी त्यांनी फोटो पदरात गुंडाळला आणि विजयमालाच्या गालावरून हात फिरवला.

"गुनाची हायेस. तू हुतीस म्हनून येवडी तरी बनी घरी आली. न्हाईतर ती सोड्यात गेली असती."

विजयमालाला वाटलं होतं, मावशी निदान एकदा तरी रागावतील. गाडी सुटली. लंकाबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी पदराची घडी उलगडली होती आणि फोटो डोळ्यांजवळ धरून, कधी जरा डावीकडे, कधी उजवीकडे कलता करून, त्या बघत होत्या.